कोंबडीचा डावा डोळा

लहान मुलाला गाडीतल्या त्याच्या खुर्चीत बसवून पट्टे लावायला किती वेळ लागतो? हात सरावाचा असेल आणि मूल राजी असेल, तर अर्धा मिनिट. मूल राजी नसेल तर हिशेबच नको. आता या अर्ध्या मिनिटाचं रस्त्यावरचं गणित मांडून बघा. ताशी ४० किलोमीटर हा काही मोठा वेग नव्हे, गारगोटीच्या बाजारपेठेतून कॉलेजची पोरं याहून जोरात मोटरसायकली काढतात. या वेगानं वाहन सेकंदाला ११ मीटर पुढं सरकतं. ३० सेकंदांत ३३३ मीटर. म्हणजे वाकण्याआधी तुम्ही मान वळवून नीट बघितलं, रस्ता खरंच मोकळा होता, तरीही त्या वेळी वळणापलीकडं असलेली मोटरसायकल शेवटचं बक्कल लागायच्या आत तुमच्या कमरेला चाटून जाऊ शकते. तुम्ही बघितलेला रस्ता खरा होता, फक्त तो अर्ध्या मिनिटापूर्वीचा होता.

अशा वेळी कुणी ना कुणी म्हणतंच, "लक्ष कुठं असतं हो तुमचं?" लक्ष कुठं असतं, हा प्रश्न टोमणा म्हणून सोडून दिला आणि प्रश्न म्हणूनच घेतला, तर त्याचं उत्तर फार मजेशीर आहे.

डोळ्यापासून सुरुवात करू. हात समोर ताठ धरून अंगठ्याच्या नखाकडं बघा. आपल्या डोळ्याला एका क्षणी खरोखर स्पष्ट दिसतं ते साधारण तेवढंच, एक-दोन अंशांचा टिकला. डोळ्याच्या पडद्यावर मधोमध एक बारीक खळगा आहे, बारकावे टिपणाऱ्या पेशींची दाटी तिथंच. बाकी सगळं चित्र धूसर असतं. डोळे सेकंदाला दोन-तीनदा इकडून तिकडं उडी मारतात आणि मेंदू ते तुकडे असे बेमालूम जोडतो, की समोरचा अख्खा रस्ता एकाच वेळी लख्ख दिसतोय असं आपल्याला वाटत राहतं.

धूसर कडा मात्र निकामी नाही. तिला अक्षरं वाचता येत नाहीत, चेहरे ओळखता येत नाहीत, पण हालचाल ती चटकन पकडते. कोपऱ्यात काही हललं, की ती डोळ्याच्या मधल्या भागाला तिकडं वळवते. माणसाच्या दोन्ही डोळ्यांचा मिळून आडवा पल्ला जवळजवळ २०० अंशांचा आहे, आणि त्यातला बहुतेक सगळा या कडेच्या ताब्यात असतो. आता गाडीच्या मागच्या दारातून कमरेत वाकून डोकं आत घाला. मधला टिकला बक्कलवर खिळलेला, आणि कडेला काय दिसतं? सीटचं कव्हर, छताचं कापड, फार तर समोरच्या काचेवरचं ऊन. रखवालदार जागाच आहे हो, पण आपण त्याला भिंतीकडं तोंड करून उभा केलाय.

डोळे अडकले तर कान आहेत की! कानांची करामत तर डोळ्यांहून थोर. दोन कानांत अंतर वीतभर. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला आधी आणि डाव्याला नंतर पोचतो. हा फरक जास्तीत जास्त किती? सेकंदाचे हजार भाग केले, तर त्यातल्या एका भागाहूनही कमी. तेवढ्यावरून मेंदू दिशा ठरवतो. समोरच्या बाजूला तर सेकंदाच्या एक लाखाव्या भागाच्या आसपासचा फरकही त्याला कळतो. मुदाळ तिट्ट्यावर डोळे मिटून उभं राहिलं, तरी कोल्हापूरकडची एसटी कुठली, राधानगरीकडून आलेला ट्रक कुठला, निपाणीकडं चाललेली जीप कुठली, हे सांगता येतं ते या हिशेबामुळं.

याहून विशेष गोष्ट जॉन न्यूहॉफ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९९८ मध्ये मांडली. वाढत जाणारा आवाज आपल्याला तेवढाच कमी होत जाणाऱ्या आवाजापेक्षा जास्त बदलतोय असं वाटतं. जवळ येणाऱ्या गोष्टीचा आवाज वाढतो आणि लांब जाणाऱ्या गोष्टीचा कमी होतो, म्हणजे कान मुद्दाम एका बाजूला झुकता हिशेब करतो. येणाऱ्या संकटाला तो असेल त्यापेक्षा जवळ मानतो. लवकर दचकलं तर फार काही बिघडत नाही, उशिरा दचकलं तर सगळंच बिघडतं. ऱ्हीसस माकडांवर पुढं झालेल्या प्रयोगातही हाच कल दिसला. म्हणजे ही खोड मोटारींच्या जन्माच्या कितीतरी आधीची.

पण डोकं गाडीत घातलं, की बाहेरचा बराचसा आवाज उघड्या दारातूनच आत येतो. तिट्ट्याच्या साऱ्या दिशा गोळा होऊन एकच दिशा उरते. त्यात उसाचा गळीत हंगाम असेल, तर बिद्रीच्या कारखान्याकडं निघालेला, दोन ट्रॉल्या ओढणारा, टपावर स्पीकर लावून गाणी वाजवणारा ट्रॅक्टर शेजारून जातो. त्या गाण्यात मोटरसायकलचा आवाज मिसळला, तर तो वेगळा काढणं कुठल्या कानाला जमणार?

आणि समजा, आवाज कानापर्यंत नीट पोचला. तरीही तो 'ऐकू' येईलच असं नाही. लंडनमध्ये निली लॅव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावरच्या फुलीच्या दोन रेघांबद्दल लोकांना विचारलं. काहींना सोपं काम, रेघेचा रंग कोणता ते सांगा. काहींना किचकट काम, दोन्ही रेघा जवळजवळ सारख्या, त्यांतली लांब कोणती ते सांगा. मधेच इयरफोनमधून एक सूर वाजवला. सोपं काम करणाऱ्यांतल्या बहुतेकांनी तो ऐकला. किचकट कामवाल्यांतल्या बहुतेकांना विचारलं, तर म्हणाले, "सूर? कुठला सूर?" कान सगळ्यांचे धडधाकट होते. डोळ्यांचं काम अवघड झालं, तसा मेंदूनं कानाचा रस्ता अरुंद केला.

मुलाच्या पाठीमागं गेलेला पट्टा शोधणं, पीळ सोडवणं, त्याच्या बुडाखाली दडलेलं बक्कल चाचपणं, एक हात आत घालेपर्यंत बाहेर आलेला दुसरा हात परत आत घालणं, हे सगळं किचकट कामात मोडतं याबद्दल कुठल्या आईबापाला शंका असेल?

आणखी एक प्रयोग सांगायलाच हवा, कारण त्यात दार आहे. डॅनियल सायमन्स आणि डॅनियल लेव्हिन या दोघांनी तो अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या आवारात केला, १९९८ मध्ये छापला. एक अनोळखी माणूस हातात नकाशा घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला पत्ता विचारतो. बोलणं चालू असताना दोन माणसं एक मोठं दार उचलून त्यांच्या मधून जातात. त्या दाराआड पत्ता विचारणारा बदलतो. आता समोर निराळा माणूस, निराळ्या उंचीचा, निराळ्या आवाजाचा, निराळ्या कपड्यांतला. पत्ता सांगणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या आसपास लोकांना हे कळलंच नाही. ते पुढं पत्ता सांगत राहिले. नजरेआड झालेलं जग तसंच असेल असं मेंदू गृहीत धरतो आणि पुढं जातो. एरवी हे गृहीतक फार उपयोगाचं आहे, नाहीतर प्रत्येक वेळी पापणी मिटली की घराचा पत्ता नव्यानं शोधावा लागला असता. गाडीच्या दाराआड ते धोक्याचं ठरतं इतकंच.

मग ज्यांना जन्मभर खाली मान घालून बारीक काम करायचं आणि त्याच वेळी वरून येणाऱ्या मरणावर नजर ठेवायची, त्या जिवांनी काय केलं? उत्तर भुदरगड तालुक्यातल्या कुठल्याही परसात मिळेल. कोंबडीचं पिल्लू बघा. ते वाळूतून, खड्यांतून दाणा वेचतं. हे काम बक्कल लावण्याइतकंच नजर खिळवणारं आहे. आणि वर घार आहे, शिक्रा आहे.

पिल्लानं काम वाटून दिलंय. दाणा कोणता आणि खडा कोणता हे ठरवायला ते मुख्यतः उजवा डोळा वापरतं. आभाळावरच्या पाळतीला डावा. पक्ष्यांत उजव्या डोळ्याची बातमी मुख्यतः डाव्या मेंदूत जाते आणि डाव्याची उजव्या मेंदूत, म्हणून हे खरं तर मेंदूच्या दोन अर्ध्या भागांनी केलेलं कामाचं वाटप आहे.

हे वाटप येतं कुठून, ते वाचलं तेव्हा मी पुस्तक खाली ठेवून थोडा वेळ नुसता बसलो. अंड्यातले २१ दिवस संपत येतात तेव्हा आतलं पिल्लू मान अशी वळवून बसतं, की डावा डोळा त्याच्याच अंगाला टेकून झाकला जातो आणि उजवा कवचाकडं राहतो. खुडूक कोंबडी दाण्यापाण्यासाठी थोडा वेळ अंड्यांवरून उठते. तेवढ्यात कवचातून गाळून आलेला उजेड त्या उजव्या डोळ्यावर पडतो. बस्स, तेवढ्या उजेडानं दोन्ही बाजूंच्या जडणघडणीत फरक पडतो. अंडी पूर्ण अंधारात उबवली तर पिल्लं निघतात, दिसतातही ठणठणीत, पण हे वाटप त्यांच्यात नीट होत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या लेस्ली रॉजर्स यांनी पाओलो झुका आणि जॉर्जो व्हॅलॉर्तिगारा या इटालियन संशोधकांच्या साथीनं २००४ मध्ये दोन्ही तऱ्हेच्या पिल्लांची परीक्षा घेतली. खाली दाणे आणि चिकटवलेले खडे एकत्र, वरून ससाण्याच्या आकाराची सावली फिरते आहे. उजेड मिळालेली पिल्लं दाणे वेचता वेचता वरची सावलीही टिपत होती. अंधारातून आलेल्या पिल्लांना दोन्ही एकदम जमेना. वेळ जाईल तसं दाणा आणि खडा यांतलं त्यांचं ओळखणंही बिघडत गेलं.

आपले दोन्ही डोळे पुढं. एक बक्कलवर आणि एक रस्त्यावर, हे आपल्याला जमणारं नाही. तेव्हा कोंबडीचा डावा डोळा सोडून द्यावा आणि तिच्या आजूबाजूच्या इतर प्राण्यांकडं वळावं.

राधानगरी अभयारण्य जवळच आहे, आणि गवा बघायला हल्ली अभयारण्यात जावं लागतंच असं नाही, तो उसात येतो. चरणारा कळप थोडा वेळ बघितला, की लक्षात येतं, सगळ्यांच्या माना एकाच वेळी खाली नसतात. कुणी ना कुणी मान वर करतो, कान हलवतो, पुन्हा खाली जातो. हा खेळ आकड्यांत मांडला एच. रोनाल्ड पुलियम या जीवशास्त्रज्ञानं, १९७३ मध्ये, पक्ष्यांच्या थव्याबद्दल. एकटा पक्षी जितक्यांदा मान वर करतो, त्यापेक्षा थव्यातल्या प्रत्येकानं कमी वेळा केली, तरी थव्याची एकूण पाळत वाढते. डोळे जास्त आणि प्रत्येकावरचा भार कमी.

सातभाई त्याहून पुढं गेलेत. परसातल्या पाचोळ्यात कलकलाट करत उड्या मारणारा तो मातकट पक्ष्यांचा घोळका सगळ्यांनी बघितलेला असतो. पण घोळक्यातला एक बहुधा वर फांदीवर असतो, ते सहसा कुणी बघत नाही. खालचे पानं उलटून किडे शोधतात, तो खात नाही, बघत राहतो. काही दिसलं तर ओरडतो, आणि थोड्या वेळानं जागा दुसऱ्याला देऊन खायला उतरतो. पाळीनं पहारा. पहाऱ्यावरच्याला दुसरं कामच नाही, आणि माझ्या मते सगळी मख्खी तिथं आहे.

माणसानंही हे कमी केलेलं नाही. एसटीत ड्रायव्हर रस्ता बघतो आणि कंडक्टर दार. शेवटचा प्रवासी पायरीवरून आत आल्याशिवाय डबल बेल पडत नाही. वडापच्या जीपमागं उभा राहून पत्र्यावर थाप मारणारा पोऱ्या हाही फांदीवरचा सातभाईच. घरात आजी-आजोबा, काका-मावशी असली, की पोराला गाडीत बसवताना कुणीतरी आपसूक रस्त्याकडं तोंड करून उभं राहतं, "थांब गं, मागनं गाडी येतीया" म्हणतं. याला कुणी शास्त्र म्हणत नाही. ज्या मराठी घरांतल्या आज्या मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेत जाऊन आल्या, त्यांनी बाळाची खुर्ची दवाखान्यातून घरी येतानाच बघितलेली असते. त्या खुर्चीची बक्कलं काही त्यांना जमत नाहीत, पण पार्किंगमध्ये पर्स आणि थोरला नातू सांभाळत उभं राहणं मात्र अचूक जमतं. आजी गेली सहा महिन्यांनी परत, की लेकीचा सातभाई गेला. मग दोन मुलं, भाजीच्या पिशव्या, किल्ली आणि ती एकटी.

इकडं अजून खुर्चीच कमी दिसते. बाळ मांडीवर, हेच चालू आहे. मांडीबद्दल एक हिशेब पुरे. ताशी ५० च्या वेगातली गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर १० किलोचं बाळ धरून ठेवायला साधारण १४० किलो उचलण्याइतका जोर लागतो. तो कुठल्याच आईच्या हातात नसतो, माया कितीही असो. बर्टिल आल्डमन या स्वीडिश डॉक्टरनं १९६४ मध्ये मागं तोंड करून बसवायची पहिली बालखुर्ची घडवली ती 'जेमिनी' यानातल्या अंतराळवीरांच्या आसनावरून. उड्डाणाचा दाब त्यांच्या अख्ख्या पाठीवर पसरतो, ते बघून. तान्ह्याचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळजवळ एक चतुर्थांश, आणि मान कोवळी, म्हणून धक्का पाठीनं घ्यायचा. आपल्याकडं २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १९४ ब हे कलम आलं, १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालखुर्ची नसेल तर १००० रुपये दंड. दुचाकीवर चार वर्षांपर्यंतच्या मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा, हेल्मेट आणि ताशी ४० ची मर्यादा, हा केंद्राचा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ गाडीच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, त्यानंतर काही आठवडे महाराष्ट्रात मागच्या सीटच्या पट्ट्याखेरीज दुसरा विषय नव्हता. त्यानंतर किती जणांनी तो लावला, ते कुठल्याही लग्नाच्या मांडवाबाहेर उभं राहून बघावं.

खुर्ची आली, की वाकणं आलं, आणि सोबत सातभाई नसेल तर काय करायचं? सगळ्यात चांगला उपाय कुणी सांगत नाही इतका साधा आहे. वाकूच नका. मुलाला घेऊन स्वतः मागच्या सीटवर बसा, दार लावा, मग निवांत बक्कल लावा. पाठ रस्त्याकडं उरतच नाही. किल्ली मात्र स्वतःच्या खिशात ठेवा, पोराच्या हातात खेळायला नको. आत पोर आणि बाहेर आई असं कुलूप पडलं, तर एप्रिलमधल्या उन्हात बंद गाडी पहिल्या अर्ध्या तासातच भयंकर तापते.

गाडी छोटी, किंवा आत सामान, म्हणून बाहेरूनच बसवायचं असेल, तर आपल्या रस्त्यांवर खुर्ची डाव्या बाजूला असावी. गाडी डाव्या कडेला उभी राहते, म्हणजे दार गटाराकडं, दुकानाकडं उघडतं, रहदारीकडं नाही. अमेरिकेतल्या भावाबहिणींनी हेच उलटं वाचावं. आणि काम तोडून करावं, गव्यानं चरावं तसं. एक पट्टा, मान वर. बक्कल, मान वर. काम दोन-तीन सेकंदांनी लांबतं, पण बघितलेला रस्ता अर्धा मिनिट जुना न राहता सात-आठ सेकंदच जुना राहतो, म्हणजे ३३३ मीटरांचे ८०-९० मीटर होतात. जपानी रेल्वेचे चालक सिग्नलकडं बोट करून तो मोठ्यानं बोलतात, एकटे असले तरी. तसं "मागं मोकळं" असं तोंडानं म्हटलं, तर शेजारचे हसतील, पण मान खरोखर वळते. नेदरलँड्समध्ये गाडीचं दार लांबच्या हातानं उघडायला शिकवतात, त्यात अंग आपोआप मागं वळतं आणि सायकलवाला दिसतो. आपला चालक उजवीकडं बसतो, तेव्हा त्याचा लांबचा हात डावा.

राहिला थोरला, पाच-सहा वर्षांचा, धाकट्याचं बक्कल लागेपर्यंत गाडीशेजारी उभा. त्याला आपण मोठा समजतो, कारण तो बोलतो मोठ्यासारखं. ब्रिटनमधल्या जॉन वॉन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवलं, की जवळ येणारी वस्तू डोळ्यात मोठी होत जाते हे टिपण्याची मुलांची क्षमता प्राथमिक शाळेच्या वयात अजून पिकलेली नसते. पाचेक सेकंदांवरची गाडी ताशी साधारण ३० किलोमीटरहून जोरात येत असेल, तर ती येतेय हे त्यांना खात्रीनं उमगत नाही. वेग जितका जास्त, तितकी ती गाडी त्यांना उभी असल्यासारखी दिसण्याची शक्यता जास्त. म्हणजे "गाडी न्हाई येत, मी बघितलं की" असं थोरला सांगतो, तेव्हा तो थाप मारत नसतो. कडेवरचं बाळ कुठं पळून जाणार नाही, तेव्हा गाडीत चढायचा पहिला नंबर थोरल्याचा.